सीआरपी नॉर्मल म्हणजे न्यूमोनिया नाही? ट्रान्सप्लांटवाल्यांनी या मेसेजवर विश्वास ठेवू नका

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय. किडनी ट्रान्सप्लांट झालेल्याला ताप-खोकला आला तर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी) आणि प्रोकॅल्सिटोनिन (इन्फेक्शनचा अंदाज देणारी) या रक्ततपासण्या करा, तिन्ही नॉर्मल असतील तर न्यूमोनिया नाहीच, सीटी स्कॅन म्हणजे नुसती लूट, आणि आकडे वाढलेच तर ट्रान्सप्लांटच्या गोळ्या थोडे दिवस बंद ठेवा. यातलं शेवटचं तर जिवावर बेतणारं आहे.

आधी सीबीसीतल्या पांढऱ्या पेशी. आपली ट्रान्सप्लांटवाली माणसं प्रतिकारशक्ती दाबणारं मायकोफेनोलेट घेतात त्याने पेशी कमी होतात, सोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड असतं त्याने इन्फेक्शन नसतानाही वाढतात, मग रिपोर्टमध्ये ७००० म्हणजे नॉर्मल आलं तर त्यावरून काय ठरवणार? त्यापेक्षा खाली लिम्फोसाइट्सची (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ओळ बघा. ती फार खाली असेल आणि रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिनही घसरलं असेल तर डॉक्टर जास्त सावध होतात, कारण अशा पेशंटचा न्यूमोनिया बिघडायची भीती जास्त.

सीआरपी स्टेरॉइडमुळे दबलेला राहू शकतो, तापाचंही तेच. शिवाय तो पूर्ण चढायला दीड-दोन दिवस जातात, म्हणून पहिल्या दिवशीच्या रिपोर्टवर निर्धास्त होऊ नका. औषध सुरू झाल्यावर तो उतरतोय का, हे बघायला मात्र तो खरंच कामाचा आहे.

प्रोकॅल्सिटोनिन मुख्यतः बॅक्टेरियामुळे वाढतं. व्हायरस किंवा फंगस असेल तर कमी येऊ शकतं, आणि किडनी नीट चालत नसेल तर इन्फेक्शन नसतानाही थोडं वाढलेलं असतं!

आणि न्यूमोनिया करणारा न्यूमोसिस्टिस नावाचा फंगस तर या मेसेजवाल्यांना माहीतच नसावा. माझ्या भावाचा ताप ९९ च्या वर गेला नव्हता, एक्स-रे साफ, बसल्या जागी ऑक्सिजन ९६, पण हॉलमध्ये चार फेऱ्या मारल्या की ऑक्सिमीटर ८८ दाखवायचा. शेवटी सीटीमध्ये दोन्ही फुप्फुसांत धुरकट डाग दिसले. अशा वेळी रक्तात एलडीएच (पेशींना इजा झाली की वाढणारं एन्झाइम) आणि बीटा-डी-ग्लुकान (फंगसच्या पेशीभिंतीतला घटक) बघतात, ते वाढलेले असले तर संशय पक्का होत जातो. आणि सीटीच्या वेळी शिरेतून देतात त्या डायने किडनी जाईल म्हणून घाबरणाऱ्यांनो, छातीच्या साध्या एचआरसीटीला (फुप्फुसं बारकाईने दाखवणारा सीटी) डाय लागतच नाही.

आता गोळ्या. गंभीर इन्फेक्शनमध्ये डॉक्टर मायकोफेनोलेट कमी करतात किंवा थांबवतात हे खरंय, पण ते क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी तपासणी) आणि टॅक्रोलिमस या ट्रान्सप्लांटच्या औषधाची रक्तातली लेव्हल बघत बघत. घरच्या घरी सगळं बंद केलं तर रिजेक्शन (शरीराने नवी किडनी नाकारणं) येऊ शकतं, आणि वर्षानुवर्षं चालू असलेलं प्रेडनिसोलोन आजारपणात अचानक तोडलं तर बीपी कोसळू शकतं. मेडिकलमधून अँटिबायोटिकही आपल्या मनाने आणू नका, क्लॅरिथ्रोमायसिनने टॅक्रोलिमसची लेव्हल चढते आणि टीबीच्या रिफाम्पिसिनने ती पार खाली येते. नवीन गोळी घ्यायच्या आधी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन करा, रात्र असली तरी.