आलो, गेलो, आलो

माझी सात-सात टर्मिनलं (आज्ञा टाइप करायच्या खिडक्या) एकाच वेळी उघडी असतात. एका खिडकीत गिटची ब्रँच (कोडची शाखा) बदलायची, दुसरीत जाऊन कमिट ठोकायचा (केलेले बदल नोंदवायचे), आणि तिथला प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञेआधी दिसणारी ओळ, आपला जुन्याच ब्रँचचं नाव मिरवत उभा. त्याला तरी काय बोलणार? एंटर दाबेपर्यंत तो जगाकडे बघतच नाही. म्हणून ठरवलं, मी खिडकीत परत पाऊल टाकलं की शेलला, म्हणजे आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामला, कळलंच पाहिजे.

सोय आहे. टर्मिनलचा १००४ क्रमांकाचा मोड चालू केला की खिडकीवर फोकस आला-गेला ते टर्मिनल कळवतं. कळवतं कसं, तर मीच टाइप केल्यासारखं: एस्केप, उघडा चौकोनी कंस आणि आलो तर आय, गेलो तर ओ. झेडशेलमध्ये (हा माझा शेल) या आलो-निरोपाला बाइंडकी या आज्ञेने विजेट, म्हणजे छोटंसं फंक्शन, बांधलं, विजेटात प्रॉम्प्ट रीसेट. परत आलो. प्रॉम्प्टने टवटवीत होऊन तीच जुनी ब्रँच नव्याने दाखवली! ब्रँच शोधायचं काम प्रीकमांडमध्ये, म्हणजे प्रॉम्प्ट येण्याआधी चालणाऱ्या फंक्शनमध्ये, होतं, त्याला कोणी उठवलंच नव्हतं. उठवलं. जमलं. स्वतःवर खूश झालो.

मग सुडो चालवला, म्हणजे पासवर्ड विचारून अॅडमिनच्या हक्काने आज्ञा चालवणारा. पासवर्ड दुसऱ्या खिडकीतल्या मॅनेजरमध्ये. गेलो, बघितला, आलो, टाइप केला. चूक. पुन्हा गेलो, एकेक अक्षर तपासलं, आलो. चूक. तिसऱ्यांदा तर गेलो, आलो, अक्षरं पुटपुटत टाइप केली. सुडोने हाकलून दिलं.

पासवर्ड बरोबरच होता हो. पण शेल बाजूला झाला तरी टर्मिनलची चहाडी चालूच होती. माझ्या प्रत्येक फेरीची तीन-तीन अक्षरं, जाताना आणि येताना, पासवर्डच्या पुढे मुकाट चिकटत होती. पासवर्ड दिसत नाही, तशी तीही दिसत नव्हती. जितकं जास्त तपासायला जावं तितका पासवर्ड लांबत होता!

उपाय एका ओळीचा: कमांड सुटण्याआधी, प्रीएक्झेकमध्ये मोड बंद, प्रॉम्प्ट येण्याआधी पुन्हा चालू. (हे आधीच सुचणाऱ्यांशी माझं पटत नाही.)

तेवढ्यात टीमक्स (एका टर्मिनलात अनेक टर्मिनलं चालवणारा प्रोग्राम) उघडला आणि प्रॉम्प्ट पुन्हा ढिम्म. हा गृहस्थ फोकसची बातमी आतल्यांना देतच नाही. कॉन्फिगमध्ये फोकस-इव्हेंट्स ऑन असं लिहून द्यावं लागतं. दिलं. प्रॉम्प्टने ताबडतोब खरी ब्रँच दाखवली. कमिट नेमका कशाचा करायचा होता, ते आठवत मी तिच्याकडे बघत बसलो.