साडेतीन म्हणजे अडीच

आमची मुलगी एका सत्रासाठी जर्मनीला शिकायला गेली आणि तिच्या रिकाम्या खोलीत तेवढ्याच मुदतीसाठी तिकडची एक मुलगी मराठी शिकायला आली. मला वाटलं, त्रास झालाच तर तिला होईल. परळमध्ये जन्मलेल्या माणसाला मराठीचा कसला आलाय त्रास!

परदेशी पाहुणा घरी उतरला की चोवीस तासांच्या आत त्याची नोंद करणारा सरकारी फॉर्म भरावा लागतो, हे मला तिनेच सांगितलं. भरलाही तिनेच. मी ओटीपी वाचून दाखवला.

दुसऱ्या दिवशी जेवताना वही निघाली. ताट ते, वाटी ती, पेला तो. असं का? तीन लिंगं जर्मनमध्येही आहेत, तेव्हा त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. तिला फक्त नियम हवा होता. मी म्हटलं, "असतं तसं." तिने ते नियम म्हणून वहीत उतरवून घेतलं.

तेवढ्यात आतून आमची आई बायकोला विचारती झाली, "तां चेडू जेवलां काय गे?"

पाहुणीने कान टवकारले. 'जेवली' का नाही? मग मला सांगावं लागलं की आमच्या मालवणीत मुलगी नपुंसकलिंगी असते. ती खुर्चीतून उठलीच. जर्मनमध्येही मुलगी नपुंसकलिंगीच, 'दास मेडशेन'! तेव्हापासून जर्मनीत मालवणी बोलतात अशी आईची खात्री आहे, आणि ती पाहुणीला रोज तिखला वाढते.

आकड्यांत मी सपशेल उघडा पडलो. 2019 साली बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक' आणलं, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर 'एकवीस'साठी सर्वांत तावातावाने भांडलो होतो तो मी. पाहुणीला एकवीस लगेच जमलं, कारण जर्मन माणूसही 'एक आणि वीस' असंच म्हणतो. मग तिने विचारलं, "एकोणसाठ म्हणजे किती?" मी क्षणभर छताकडे पाहिलं. मनातल्या मनात 'फिफ्टी नाइन' झाल्यावरच तोंड उघडलं. बायकोने हे बरोबर टिपलं.

पुढच्या आठवड्यात तिला चपला घ्यायच्या होत्या. मी म्हटलं, साडेतीनला दादरला प्लाझासमोर भेट. मी वेळेवर, म्हणजे चारला दहा कमी असताना पोचलो. ऑक्टोबरच्या उन्हात ती टोमॅटोसारखी लाल होऊन उभी. कधी आलीस? तर अडीचला! जर्मनमध्ये 'हाल्प द्राय', म्हणजे शब्दशः 'अर्धे तीन', म्हटलं की अडीच वाजतात. साडेतीनचा तिने तोच हिशेब लावला होता. मी तिला उसाचा रस पाजला आणि दीड, अडीच समजावलं. एक ग्लास संपवून ती म्हणाली, "मग साडेएक, साडेदोन का नाही?"

मी दुसरा ग्लास मागवला.

तिची खरी तक्रार मात्र वेगळीच होती. मुंबईत तिच्याशी कुणी मराठी बोलतच नाही म्हणे. तोंड बघून इंग्रजी, फार तर हिंदी. मला चेव आला. एका सकाळी तिच्याबरोबर कलिनाला विद्यापीठात निघालो. सांताक्रूझला बसच्या रांगेत तिला धडा दिला: "आपण मराठीच रेटायचं. समोरचा आपोआप वळतो."

बस आली. कंडक्टर जवळ आला आणि माझ्या तोंडून निघालं, "भैया, दो विद्यानगरी देना."

पाहुणी माझ्याकडे बघतच राहिली. मग पर्समधून नाणी काढत म्हणाली, "काका, सुट्टे आहेत माझ्याकडे."

कंडक्टरचा चेहरा असा फुलला म्हणता! मराठी कुठे शिकलात, राहता कुठे, इकडचं जेवण सोसतं का? तो संगमेश्वरचा निघाला. तिने त्याला तिखल्याची पाककृती सांगितली, चेडवाची गोष्टही सांगितली. मी अधूनमधून "हो हो, आमच्याकडेही" असं म्हणत होतो, पण माझ्याकडे लक्ष द्यायला कुणी मोकळं नव्हतं.

विद्यानगरीचा स्टॉप आला. "येते हं काका," ती म्हणाली. "या, या, सांभाळून," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला.

"अंकल, आगे से उतरो."