बापाच्या नावावर घोडा घेऊ नका

“लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी घोडा घ्यायचाय? अरबी रक्त आणि विजेता बाप बघा, बाकी सगळं शिकवता येतं.” हा सल्ला सतत पुढे पाठवला जातो. त्याची सुरुवात बरीचशी खरी आहे, म्हणून लोक शेवटावरही विश्वास ठेवतात आणि त्याची किंमत घोडा मोजतो.

अरबी रक्ताचं आधी मान्य करते. १६० किलोमीटरच्या शर्यतींत अरबी आणि अर्धअरबी घोडेच वर्षानुवर्षं पुढे आहेत. हलका बांधा, पातळ कातडी, त्यामुळे अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते. पण हा गुण जातीचा झाला. एकाच जातीत दमाचेही निघतात आणि नुसते देखणेही.

विजेत्या बापाचं काय? शिंगराला त्याची निम्मीच जनुकं मिळतात, आणि कोणती निम्मी ते कुणाच्या हातात नाही. सख्खी भावंडं म्हणूनच इतकी वेगळी निघतात. पाचव्या पिढीत तर ३२ पूर्वज असतात. तिथलं नाव कितीही मोठं असो, त्याचा वाटा सरासरी ३ टक्के. आणि आईबद्दल विक्रेता क्वचितच बोलतो, तिचाही वाटा निम्मा असून!

पैदास करायची असेल तर मात्र वंशावळ जरूर वाचा. अरबी घोड्यांत प्रतिकारशक्तीच नसलेली शिंगरं जन्माला घालणारा एक आनुवंशिक दोष आहे. नर-मादी दोघंही वाहक असले तर दर खेपेला चारांत एक शक्यता. डीएनए चाचणीत हे आधीच कळतं.

“बाकी शिकवता येतं” हे मला अजिबात पटत नाही. शर्यतीतून बाद होणारे सगळ्यात जास्त घोडे लंगडल्यामुळे बाद होतात, आणि वाकडा पाय शिकवून सरळ होत नाही. घोडा कडक जमिनीवर दुडक्या चालीने पळवायला सांगा आणि डोळे मिटून टापा ऐका. दोन ठोक्यांची लय सारखी पडायला हवी. एक टाप हलकी पडली तर घोडा तो पाय वाचवतोय. मग डोळे उघडून मान बघा: दुखरा पुढचा पाय टेकताना ती वर जाते.

नंतर दमदार रपेट घ्या आणि थांबल्यावर डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोप लावा. स्वस्थ उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला तीस-चाळीस असतात. शर्यतीच्या तपासणीत ते ठरलेल्या मिनिटांत साधारण ६४ वर यावे लागतात. हातातल्या घड्याळाकडे बघत मोजत राहा. माझी आताची घोडी मी अशीच निवडली. तिच्या बापाचं नाव मी व्यवहार झाल्यावर विचारलं.