जुन्या गाडीचे मिसिंग आणि कार्बोरेटरवरचा आळ

पावसाळा लागला की रत्नागिरीपासून मालवणपर्यंतच्या जुन्या गाडीवाल्यांच्या मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा : प्रीमियर पद्मिनीसारखी गाडी मिसिंग करू लागली, म्हणजे इंजिन मध्येच न पेटता झटके घेऊ लागले, की दोष कार्बोरेटरचाच (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचाच) असतो, सिलिंडरात ठिणगी टाकणारा प्लग काळा निघाला तर पेट्रोल जास्त जात आहे असे समजावे, इंजिन चालू ठेवून प्लगची एकेक वायर ओढून पाहावी, सीबी पॉइंट (ठिणगीसाठी वीजप्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) पॉलिश पेपरने घासावेत, आणि एवढे करूनही फरक पडला नाही तर इथेनॉलमिश्रित पेट्रोलला बोल लावावा. यातल्या प्रत्येक मुद्द्यात थोडे तथ्य आहे, म्हणूनच तो सहज गळी उतरतो.

आधी कार्बोरेटर. पद्मिनीच्या चारही सिलिंडरांना एकच कार्बोरेटर पेट्रोल पुरवतो. त्याचा जेट (पेट्रोल सोडणारे बारीक भोक) तुंबला किंवा फ्लोटची (आतले पेट्रोल राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी बिघडली तर परिणाम चारही सिलिंडरांवर होतो. इंजिन एकूणच दमते, काळा धूर टाकते किंवा ॲक्सिलरेटर दाबताच अडखळते. एका ठरावीक तालात बसणारा झटका मात्र एखाद्या सिलिंडरात जाळ होत नसल्याची खूण असते, आणि तेवढ्या एका सिलिंडराचे पेट्रोल अडवणे कार्बोरेटरला शक्य नसते. सिलिंडरांना मिश्रण नेणाऱ्या नळांच्या, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डच्या, गॅस्केटमधून (सांधा बंद करणाऱ्या पट्टीतून) हवा शिरली तर जवळच्या सिलिंडरापुरते मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, होऊ शकते, पण तो दोषही कार्बोरेटर खोलून सापडत नाही. तेव्हा पान्याला हात घालण्यापूर्वी कोणता सिलिंडर बंद आहे हे ठरवले पाहिजे.

ते ठरवण्याची संदेशातली रीत मात्र घातक आहे. चालू इंजिनावर वायर ओढली की ठिणगीसाठी विजेचा दाब चढवणाऱ्या कॉइलमधला २०,००० व्होल्टच्या घरातला दाब वाट शोधू लागतो, आणि ती वाट ओढणाऱ्याच्या हातातून, किंवा प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या रोटरमधून (फिरत्या भागातून) किंवा कॅपच्या (झाकणाच्या) अंगातून निघू शकते. इंजिन बंद करावे, एका वेळी एक वायर काढून ती ब्लॉकला (इंजिनाच्या धातूच्या अंगाला) अर्थिंग दिलेल्या जादा प्लगला जोडावी आणि मग स्टार्टर मारावा. ज्या वायरीने इंजिनाच्या चालीत काहीच फरक पडत नाही, तिचा सिलिंडर आधीपासूनच बंद आहे. त्याचा प्लग कोरडा काळा आहे, पेट्रोलने ओला आहे की तेलकट आहे हे पाहण्यासारखे असते. कोरडी काजळी जास्त पेट्रोलने धरते, तशीच ठिणगी दुबळी असल्यानेही धरते. ओला प्लग बहुधा ठिणगी पडतच नसल्याचे सांगतो. तेलकट प्लग पिस्टनच्या रिंगकडे किंवा व्हॉल्व्ह गाइडकडे (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो त्या नळीकडे) बोट दाखवतो. संदेशाने या तिन्हींचा एकच ‘काळा’ करून टाकला आहे.

आपल्या किनाऱ्यावर खरा संशय डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवर आणि प्लगच्या वायरींवर घ्यायला हवा. खाऱ्या वाऱ्याने त्यांच्यावर मिठाचा बारीक थर बसतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून ओले होते, आणि आषाढात आपल्याकडे ती दिवसचे दिवस त्याहून वर असते. म्हणजे पावसाचा थेंबही न लागता, झाकल्या बोनेटखाली, विजेला पळवाट मिळते. गॅरेजमध्ये ही कॅप सहसा पेट्रोलने पुसतात. पेट्रोलने ग्रीस जाते, मीठ विरघळत नाही. कॅप आणि वायरी गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवाव्यात, कॅपच्या आत केसासारखी काळी रेघ दिसली तर कॅपच बदलावी, आणि रात्री अंधारात बोनेट उघडून निळसर ठिणग्या कुठे नाचतात ते पाहावे. पद्मिनीचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ आहे. ३ आणि ४ हे शेजारचे सिलिंडर लागोपाठ पेटतात, त्यामुळे एकीची वीज दुसरीत उतरू नये म्हणून त्यांच्या वायरी एकमेकींना चिकटून नेऊ नयेत.

कार्बोरेटरला श्रेय का मिळते, तेही इथेच कळते. तो खोलून, धुऊन पुन्हा बसवीपर्यंत गरम इंजिनाच्या उबेने कॅप वाळलेली असते. गाडी सुरळीत चालते, बिल निघते, आणि दुसऱ्या सकाळी मिसिंग परत येते.

पॉइंट घासण्याविषयी थोडेच सांगायचे आहे. घासल्याने त्यांच्यातली गॅप बदलते आणि गॅपबरोबर टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळही) सरकते, म्हणून फीलर गेजने (फट मोजणाऱ्या पातळ पट्ट्यांनी) ती पुन्हा लावावीच लागते. पॉइंट वारंवार जळत असतील तर त्यांच्यावरची ठिणगी शोषणारा कंडेन्सर तपासावा.

आंबोली किंवा कुंभार्ली घाट चढताना बसणारे झटके पेट्रोल न पोचल्याचे मानले जातात. चढावर सिलिंडरातला दाब वाढतो, दाबाखाली ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते, आणि सपाटीवर निभावून नेणारी दुबळी कॉइल किंवा चिरलेली वायर तिथे उघडी पडते. पेट्रोल कमी पडले तर गाडी चढावर हळूहळू मरगळते. ठिणगीचा दोष ॲक्सिलरेटर दाबताक्षणी जाणवतो.

इथेनॉलचा मुद्दा अर्धा खरा आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, २० टक्के मिश्रणाला सुमारे १३.५, जुन्या जेटमधून येणारे मिश्रण त्यामुळे पातळ पडते. जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा खराब होतो, पावसाळाभर उभ्या गाडीच्या टाकीत पाणी खाली बसते, हेही खरे. पण हे सारे चारही सिलिंडरांना सारखेच भोगावे लागते.

ठिणगी चांगली असूनही एकच सिलिंडर बंद राहिला तर कॉम्प्रेशन (सिलिंडरात हवा दाबली जाऊन चढणारा दाब) मोजावे, ज्याचा संदेशात उल्लेखही नाही. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे : आकडा चढला तर रिंग झिजल्या आहेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासावेत. शेजारच्या दोन सिलिंडरांचे आकडे बरोबरीने पडले असतील, तर बहुधा त्यांच्यामधले हेड गॅस्केट गेलेले असते.