पट्टीखालची खाज हा नखरा नाहीये

दुखणं कमी करायची औषधी पट्टी, पॅच म्हणतात ती, लावल्यावर खालची कातडी लाल होते, खाजते, कधी बारीक फोड येतात. घरातलं माणूस हे सांगतं तेव्हा त्याला मिळणारं उत्तर जवळपास ठरलेलं असतं, "दुखायचं थांबलंय ना, मग थोडी खाज सहन कर की". मला हे उत्तर अजिबात पटत नाही आणि आज त्यावरच लिहितेय, पोस्ट लांबणार आहे पण ज्यांच्या घरी कुणी असा पॅच लावतंय त्यांनी प्लीज पूर्ण वाचा.

आमच्या घरी सासूबाईंना पॅच आहे. हाडं ठिसूळ झाल्यामुळे पाठीचा मणका दबलाय, आणि किडनी कमजोर असल्यामुळे डायक्लोफिनॅक वगैरे नेहमीच्या पेनकिलर गोळ्या बंद, त्यामुळे डॉक्टरांनी ब्युप्रेनॉर्फिनचा (मॉर्फिनच्या जातीचं जोरदार पेनकिलर) पॅच दिला, एक लावला की 7 दिवस चालतो. आणि खरं सांगते, फरक पडला. ज्या बाईला कुशीवर वळताना ओरडायला व्हायचं ती डायनिंग टेबलाशी बसून मेथी निवडायला लागली. त्यामुळे ही पोस्ट पॅचच्या विरोधात नाहीये, उलट तो टिकावा म्हणूनच लिहितेय.

तर झालं असं की सासूबाईंच्या, म्हणजे आमच्या आईंच्या, दंडावर पॅचच्या आकाराचा लालभडक चौकोन उठला होता, एका कडेला सोलवटलं होतं, आणि त्या कुणालाच काही बोलल्या नव्हत्या. लांब बाहीचा ब्लाउज घालत होत्या. आंघोळ घालायला येणाऱ्या मावशींना दिसलं म्हणून कळलं. विचारलं तर म्हणाल्या, "अगं औषध आहे ते, थोडं लागणारच. उगाच तुम्हाला कशाला त्रास, आणि डॉक्टरांनी बंद केलं तर परत ते दुखणं मला नको". हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, बघा. खाज कमी होती म्हणून त्या गप्प नव्हत्या, तक्रार केली तर पॅचच बंद होईल ही भीती होती. आणि दुसरीकडे असेही लोक आहेत जे खाज सहन होत नाही म्हणून रात्री गुपचूप पॅच काढून टाकतात, घरच्यांना वाटतं लावलेला आहे, दोन दिवसांनी दुखणं उसळतं आणि डॉक्टर डोस वाढवतात. म्हणजे कातडीची तक्रार ऐकली नाही तर दुखण्याचा सगळा हिशोबच चुकतो, आणि म्हणून मी म्हणते की ही छोटी गोष्ट नाहीये.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांना कॅन्सरच्या दुखण्यासाठी फेंटानिलचा पॅच होता (हेही मॉर्फिनच्याच जातीचं), 72 तासांचा. 2014 साली एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा बदलला तेव्हा फेंटानिल, मॉर्फिन अशा औषधांना अत्यावश्यक म्हणून वेगळं काढलं आणि मान्यता मिळालेल्या संस्थांमधून ती देणं सोपं केलं, पण तरी ते काही कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळणारं औषध नाही. त्यासाठी काकू ठाण्याहून लोकलने परळला जायच्या. एवढ्या धडपडीने आणलेल्या औषधाबद्दल खाजतंय म्हणून तक्रार करायला माणूस धजावत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आमच्याकडचा चौकोन दिसल्यावर आधी जवळच्या केमिस्टला फोटो दाखवला तर त्याने एक मिक्स क्रीम काढून दिलं, स्टेरॉइड, बुरशीचं, अँटिबायोटिक सगळं एकत्र असलेलं. नाव घेत नाही, पण ह्या क्रीम्सचा आपल्याकडे जो सुळसुळाट झालाय ना त्याबद्दल त्वचेचे डॉक्टर वर्षानुवर्षं ओरडतायत. आम्ही ते लावलं नाही. शेजारच्या काकूंनी प्रेमाने सांगितलं, "खोबरेल तेलाचा हात फिरव नि वरून पट्टी लाव". हेही नाही चालत, कारण क्रीम किंवा तेलावर पॅच नीट चिकटत नाही, कडा सुटतात, आणि औषध किती आत जाईल याचा भरवसा राहत नाही. हे औषध कातडीतून मोजून-मापून आत सोडायचं असतं, मध्ये दुसरा थर आला की ते माप बिघडतं.

मग नौपाड्यातल्या त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी शांतपणे समजावलं आणि ते मला सगळ्यांना सांगावंसं वाटतं. पॅचखालची रिअ‍ॅक्शन ढोबळमानाने दोन प्रकारची असते. एक म्हणजे नुसती जळजळ, इरिटेशन. घाम कोंडतो, गोंद चिकटून राहतो, काढताना कातडीचा वरचा पापुद्रा ओढला जातो. यात लाली बहुतेक पॅचच्या आकारातच राहते आणि पॅच काढल्यावर काही तासांत किंवा एखाद दिवसात उतरायला लागते. दुसरी खरी अ‍ॅलर्जी. ती लगेच दिसेलच असं नाही, कधी कधी कित्येक दिवस, महिने पॅच छान चालतो आणि मग सुरू होते. लाली चौकोनाच्या बाहेर पसरते, पॅच काढल्यावरही खाज वाढत जाते, सूज येते, पाण्याचे फोड येतात, आणि पुढचा पॅच लावला की आधीपेक्षा लवकर नि जास्त उठतं. अशा वेळी "बघू अजून एक लावून" करत बसू नका.

अ‍ॅलर्जी असली तरी कशाची हा प्रश्न उरतोच. पुष्कळदा ती औषधाची नसून गोंदाची असते, अ‍ॅक्रिलेट जातीचे गोंद असतात बऱ्याच पॅचमध्ये. गोंदाची असेल तर वेगळा गोंद असलेला दुसऱ्या कंपनीचा पॅच चालू शकतो. औषधाचीच असेल तर मात्र पॅच बदलून भागत नाही, त्या औषधाची गोळी-इंजेक्शन द्यायचं की नाही हाही विचार डॉक्टरांना करावा लागतो. हे शोधायला त्वचेचे डॉक्टर पॅच टेस्ट करतात, पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या छोट्या टिकल्या 48 तास चिकटवून ठेवतात, काढल्यावर बघतात आणि परत 72 किंवा 96 तासांना बघतात. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही. आपल्याकडे मे महिन्यात किंवा ऑक्टोबर हीटमध्ये ते किती अवघड आहे हे ठाण्यात राहणाऱ्याला सांगायला नको, जमलं तर थंडीत करून घ्या.

आईंचं निघालं इरिटेशन. कारण साधं होतं, पॅच लावून दाखवणाऱ्याने दंडावर लावून दाखवला होता आणि बास, त्यामुळे हा दंड झाला की तो दंड, परत हाच. ब्युप्रेनॉर्फिनच्या 7 दिवसांच्या पॅचला एक जागा वापरली की तिथे परत 3 आठवडे लावायचा नसतो! दोन्ही दंडांची वरची बाहेरची बाजू, छातीचा वरचा भाग, पाठीचा वरचा भाग, छातीची बाजूची बरगडी, अशा डाव्या-उजव्या मिळून 8 जागा होतात, भरपूर आहेत. हे माहितीपत्रकात लिहिलेलं आहे, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. ज्या बाईंच्या अंगाला तो लावायचा आणि ज्या मावशी लावणार, दोघींना त्याचा काय उपयोग?

आता आमच्याकडे कालनिर्णयच्या चौकोनात लिहिलेलं असतं, "डावा दंड", "पाठ उजवी". मावशीच लिहितात. जागा नुसत्या पाण्याने पुसायची, साबण, स्पिरिट, डेटॉल काही नाही, कारण त्याने कातडी अजून कोरडी नि हुळहुळी होते आणि औषध जास्त शोषलं जाऊ शकतं. टिपून पंख्याखाली पूर्ण कोरडी होऊ द्यायची, टाल्कम पावडर टाकायची नाही. केस असतील तर कात्रीने कापायचे, वस्तरा नाही, वस्तऱ्याने बारीक ओरखडे पडतात आणि औषध तिथून भराभर आत जातं. पॅच लावल्यावर तळहाताने अर्धा मिनिट दाबून धरायचं, कडा नीट बसल्यात ना बघायचं. पावसाळ्यात, दमट हवेत कडा सुटतात तेव्हा फक्त कडांना चिकटपट्टी. आणि काढताना फर्रकन ओढायचं नाही, हे तर मी सगळ्यात आधी सांगेन, म्हातारपणी कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेली असते. एका हाताने कातडी दाबून धरायची, दुसऱ्या हाताने पॅच हळूहळू मागे दुमडत काढायचा, राहिलेला गोंद पाण्याने, घासून नाही. रिकाम्या जागी साधं मॉइश्चरायझर लावलं तर चालतं, फक्त पुढचा पॅच जिथे लावायचाय तिथे त्या दिवशी नको.

एवढं करून लाली खूप कमी झाली. पूर्ण गेली असं नाही म्हणणार, उन्हाळ्यात अजूनही थोडी खाज असते.

ज्यांना एवढ्याने फरक पडत नाही त्यांच्यासाठी डॉक्टरांकडे अजून उपाय असतात. पॅलिएटिव्ह केअरमधले, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करणारे, काही डॉक्टर दम्याच्या इनहेलरमधलं स्टेरॉइड कातडीवर फवारून, पूर्ण वाळवून त्यावर पॅच लावायला सांगतात, कारण त्याचा क्रीमसारखा तेलकट थर राहत नाही. हे घरी स्वतःच्या मनाने करायचं नाही, पण असं काही असतं हे माहिती असेल तर विचारता तरी येतं. पॅच अर्धा कापून लावणं हेही मनाने नको, काही पॅचमध्ये औषध पिशवीसारखं भरलेलं असतं, कापलं की एकदम बाहेर येतं.

शेक! आपल्या घरांमध्ये दुखलं की पहिला उपाय शेक, गरम पाण्याची पिशवी, इलेक्ट्रिक पॅड, तव्यावर गरम केलेलं फडकं. पॅचवर किंवा पॅचच्या आसपास शेक द्यायचाच नाही. उष्णतेने कातडीखालचा रक्तप्रवाह वाढतो आणि औषध नेहमीपेक्षा जास्त वेगाने अंगात जातं. फेंटानिल-ब्युप्रेनॉर्फिनसारख्या औषधात म्हणजे गुंगी, श्वास मंद होणं, जीवावर बेतू शकतं. जोराचा ताप आला तरी डॉक्टरांना कळवायचं. आणि पॅच काढला म्हणजे औषध लगेच संपलं असंही नाही, ब्युप्रेनॉर्फिनची रक्तातली पातळी अर्ध्यावर यायला 10 ते 24 तास लागतात. म्हणून खाजतंय म्हणून पॅच काढला आणि लगेच घरातली दुसरी जोरदार गोळी दिली असं करू नका, आधी फोन करा. एमआरआय असेल तर तंत्रज्ञाला पॅच आहे हे सांगायचंच, काही पॅचच्या पाठीत धातूचा पातळ थर असतो आणि तिथे भाजू शकतं, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, 2009 मध्ये यावर इशारा दिला होता.

आता जे चिठ्ठीशिवाय मिळतात ते कंबरेचे, गुडघ्याचे प्लास्टर. तेही निरुपद्रवी नाहीत. मेंथॉल, मिथाइल सॅलिसिलेट, कॅप्साइसिन म्हणजे मिरचीतला तिखटपणा, हे त्यांच्यात असतं. 2012 मध्ये एफडीएनेच सांगितलं होतं की अशा बाहेरून लावायच्या औषधांनी काहींना खरोखर भाजल्यासारख्या जखमा झाल्यात, काहींना एकदा लावल्यावरच, आणि त्यातल्या बऱ्याच 3 टक्क्यांहून जास्त मेंथॉल आणि 10 टक्क्यांहून जास्त मिथाइल सॅलिसिलेट असलेल्या औषधांच्या होत्या. थोडं गरम-गार वाटणं ठीक, पण आग होतेय, दुखतंय, फोड येतोय तर तेवढ्यात काढायचं, "औषध काम करतंय" म्हणून बसायचं नाही. किटोप्रोफेनचं अजून वेगळं आहे. जपानमध्ये त्याच्या पट्ट्या सर्रास वापरतात, कुणी तिकडून आणून देतं, आपल्याकडे जेल मिळतं. ते लावलेल्या जागी ऊन लागलं की जबरदस्त रॅश येऊ शकतो, आणि बंद केल्यावरही किमान 2 आठवडे, जपानी पट्टी असेल तर 4 आठवडे, ती जागा उन्हापासून झाकायची असते. गुडघ्याला लावून सकाळी तलावपाळीला हाफ पँटवर चालायला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

चौकोनात खाज वेगळी आणि अख्ख्या अंगाला खाज वेगळी. ह्या औषधांनी अंगभर खाज येऊ शकते, तो गोंदाचा दोष नसतो, तरी डॉक्टरांना सांगायचंच. पण अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे-चेहरा सुजला, श्वास घ्यायला त्रास होतोय तर थांबायचं नाही, सरळ इमर्जन्सी. जागेतून पू येतोय, गरम लागतंय, ताप आहे, तर तेही त्याच दिवशी दाखवायचं.

काढलेला पॅच कचऱ्याच्या डब्यात तसाच टाकू नका. वापरून झालेल्या पॅचमध्येही बरंच औषध उरलेलं असतं आणि लहान मुलांना ते स्टिकर वाटतं, बाहेरच्या देशात मुलं दगावली आहेत. चिकट बाजू आत करून दुमडायचा, मुलांच्या, कुत्र्या-मांजरांच्या हाती लागणार नाही असा ठेवायचा, आणि टाकायचा कसा ते जिथून औषध मिळतं तिथे विचारायचं. लावणाऱ्याने हात धुवायचे, साध्या पाण्याने.

माझी ठाण्या-नवी मुंबईतल्या डॉक्टरांना, फार्मासिस्टना मनापासून विनंती आहे, पहिला पॅच देताना पाच मिनिटं द्या आणि मराठीत एक पानाचा कागद द्या, मोठ्या अक्षरात, माणसाच्या पुढच्या-मागच्या चित्रासकट, जागा रंगवून. दर वेळी तपासताना "दुखणं किती" विचारता तसं "कातडी दाखवा" म्हणा, कारण आमच्या आईंसारख्या बायका आपणहून दाखवणार नाहीत. मी मावशींसाठी असा एक कागद हाताने लिहिलाय, आमच्या डॉक्टरांना दाखवून दुरुस्त करून घेतलाय. कुणाला फोटो हवा असेल तर मेसेज करा, फक्त तुमच्या पॅचचं औषध नि किती दिवसांचा ते आधी बघा, कारण आमचा 7 दिवसांच्या ब्युप्रेनॉर्फिनसाठी आहे. आणि कुणी गोंदाच्या अ‍ॅलर्जीमुळे दुसऱ्या कंपनीचा पॅच घेतला असेल तर तो चालला का हे जरूर लिहा, ओळखीतल्या एकांना सध्या तोच प्रश्न पडलाय.