नेट गेलं म्हणून प्रिंटर बंद पडत नाही

'इंटरनेट बंद असेल तर वायफाय प्रिंटरवर प्रिंट निघत नाही' असा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. हे चुकीचं आहे. परवा नेट गेलं होतं, तेव्हा शेजारची मुलगी घरात प्रिंटर असूनही हॉलतिकिटाच्या प्रिंटसाठी पेन ड्राइव्ह घेऊन भर पावसात झेरॉक्सच्या दुकानात गेली. फार वाईट वाटलं, म्हणून लिहितोय.

राउटर दोन वेगळी कामं करतो: घरातली यंत्रं एकमेकांना जोडतो आणि त्यांना बाहेरच्या इंटरनेटशीही जोडतो. लॅपटॉपवरची फाइल राउटरमार्गे थेट प्रिंटरच्या पत्त्यावर जाते (घरात हा पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो). ती घराबाहेर पडतच नाही. त्यामुळे राउटरवर नेट नसल्याचा लाल दिवा असला तरी प्रिंट निघते.

खरी अडचण वेगळीच असते. प्रिंटर यूएसबीने एका कॉम्प्युटरला जोडून शेअर केला असेल, तर तो कॉम्प्युटर चालू असावा लागतो. तो स्लीपमध्ये गेला की बाकीच्यांना प्रिंटर 'ऑफलाइन' दिसतो. ईमेलने प्रिंट पाठवायची असेल, किंवा सतत नेटला जोडून ठेवण्याच्या अटीवर विकलेलं मॉडेल असेल, तर मात्र इंटरनेट लागतंच.