डावीकडचं रान

डेस्कटॉपवर मेल वाचणारी जमात आता फार उरलेली नाही, सगळं जग अंगठ्याने मेल सरकवतं, पण आमच्यासारखे काही चिवट लोक अजून आहेत ज्यांना मोठा स्क्रीन लागतो, खडखडणारा कीबोर्ड लागतो आणि मेल वेगळ्या प्रोग्राममध्येच उघडावा लागतो. आणि त्या प्रोग्राममध्ये डावीकडे असते फोल्डरांची यादी. फोनवर ही यादी तीन रेघांच्या मागे दडवलेली असते म्हणून फोनवाले सुखी आहेत. आमच्या तोंडासमोर ती चोवीस तास उभी.

माझ्या यादीत काय काय होतं ते एकदा सांगूनच टाकतो. इनबॉक्स, ठीक. ड्राफ्ट्स, ठीक. मग सेंट. त्याच्या खाली सेंट आयटम्स. त्याच्या खाली सेंट मेसेजेस. मग ट्रॅश, डिलिटेड आयटम्स आणि डिलिटेड मेसेजेस. मग जंक, जंक ईमेल, स्पॅम आणि बल्क मेल, म्हणजे नको असलेल्या मेलची इतकी बारीक प्रतवारी की हव्या असलेल्या मेलला तेवढा मान कधी मिळाला नाही. आर्काइव्ह आणि आर्काइव्हज, एक एकवचनी आणि एक अनेकवचनी, अनेकवचनीच्या पोटात परत सालवार पोरं. नोट्स. टेम्प्लेट्स. आउटबॉक्स दोन. यातला एकही मी केलेला नाही हो! मी आयुष्यात स्वतःच्या हाताने केलेला फोल्डर एकच, 'बिलं', आणि नेमका तोच त्या नावाने दिसत नव्हता. त्याचं काय झालं ते पुढे येईल.

खरं तर मी याकडे कानाडोळा केला असता, वर्षानुवर्षं केलाच होता. पण एका क्लायंटचा फोन आला की तुम्ही मागे कोटेशन पाठवलं होतं ते जरा परत पाठवा. सेंट उघडला, नाही. मी पाठवलंय हे मला पक्कं आठवतंय, त्याला मिळालंय हे तोच सांगतोय, फक्त माझ्या कॉम्प्युटरला ते मान्य नाही. बायको म्हणाली, "अरे सर्चमध्ये टाक ना." टाकलं, पण ते सर्च मी ज्या फोल्डरमध्ये बसलोय तेवढ्यातच शोधत होतं, म्हणजे मला जे डोळ्यांनी दिसत नव्हतं तेच त्यालाही दिसत नव्हतं, फक्त जास्त वेगाने. शेवटी ते कोटेशन सापडलं सेंट मेसेजेसमध्ये. ते मी फोनवरून पाठवलं होतं, आणि फोनचा कारभार त्या फोल्डरमधून चालतो हे फोनने मला कधी सांगितलं नव्हतं.

म्हटलं बास, आता साफसफाई.

सेंट आयटम्सपासून सुरुवात केली. आतले मेल सेंटमध्ये हलवले, फोल्डर रिकामा झाला, राइट क्लिक, डिलीट. प्रोग्रामने विचारलं नक्की का, म्हटलं नक्की. फोल्डर गेला. आणि डिलिटेड आयटम्सच्या डाव्या बाजूला एक छोटासा बाण उगवला. बाणावर क्लिक केलं तर आत सेंट आयटम्स आरामात बसलेला, नाव-बिव सगळं शाबूत. म्हणजे फोल्डर डिलीट करणं म्हणजे त्याची बदली करणं. बरं, डिलिटेड आयटम्स रिकामा केला, गेला एकदाचा. मग हुरूप येऊन खुद्द डिलिटेड आयटम्सच उडवायला गेलो तर तिथे राइट क्लिकमध्ये डिलीट हा शब्दच राखाडी. दाबताच येईना. का, तर प्रोग्राम त्यालाच आपली अधिकृत कचरापेटी मानत होता, आणि कचरापेटी कचऱ्यात टाकायची तर टाकायची कुठल्या कचरापेटीत, हा त्याचा प्रश्न तसा रास्त आहे. बाजूला आणखी दोन उभ्या होत्या हे त्याच्या गावी नव्हतं.

मग मी ब्राउझरमधून अकाउंट उघडलं आणि तिथून सेंट मेसेजेस उडवला. तिथे लगेच उडाला. डेस्कटॉपवर येऊन बघतो तर जिथल्या तिथे. त्यावर क्लिक केलं तर एरर, की असा मेलबॉक्स अस्तित्वात नाही. अरे मग दाखवतोयस कशाला? प्रोग्राम बंद करून चालू केला तेव्हा कुठे त्याची खात्री पटली. त्या संध्याकाळी मी बाहेर असताना फोनवरून कुणाला तरी "थँक्स, नोटेड" एवढंच पाठवलं, आणि घरी येऊन बघतो तर सेंट मेसेजेस परत हजर. आत एकच मेल. थँक्स, नोटेड.

आता आपल्याकडे कॉम्प्युटरचं काही बिघडलं की भाचा. त्याला फोन लावला.

"मामा, तू अजून डेस्कटॉपवर मेल वाचतोस?"

"मुद्द्याचं बोल."

"अकाउंट काढून टाक आणि परत घाल, सगळं फ्रेश येईल."

तेही केलं. अकाउंट काढलं, परत घातलं, सगळे मेल पुन्हा उतरेपर्यंत बसून राहिलो, आणि सगळं खरंच फ्रेश आलं, तिन्ही सेंट, तिन्ही ट्रॅश, चारी जंक, अगदी ताजेतवाने. वर त्या री-इन्स्टॉलच्या आनंदात प्रोग्रामने एक नवीन टेम्प्लेट्स पण करून ठेवला.

इथे माझं डोकं फिरलं आणि मी हे असं का होतं ते मुळापासून वाचायला बसलो, आणि वाचल्यावर राग कमी झाला असं नाही पण कोणावर धरायचा ते कळेनासं झालं. गोष्ट अशी आहे की आपला मेल आणतो तो आयमॅप नावाचा प्रोटोकॉल, म्हणजे प्रोग्रामने सर्व्हरशी कसं बोलायचं याची ठरलेली रीत. त्याच्या आधीपासूनचा पॉप होता, तो साधा माणूस, सर्व्हरवरचा मेल उचलायचा, तुमच्या मशीनवर टाकायचा, विषय संपला, फोल्डर काय करायचे ते तुमचे तुम्ही बघा. १९८६ मध्ये स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांनी आयमॅप काढला, आणि त्यातली कल्पना ही की मेल सर्व्हरवरच राहील, फोल्डरही तिथेच राहतील, आणि तुम्ही वाटेल त्या मशीनवरून येऊन तेच चित्र बघाल. कल्पना झकासच आहे. पण मग कुठल्याही मशीनने केलेला फोल्डर सगळ्या मशीनवर दिसणार हेही त्यात आलंच. आणि या प्रोटोकॉलमध्ये पक्कं ठरलेलं नाव फक्त एकच, इनबॉक्स. तेही कॅपिटलमध्ये लिहा, स्मॉलमध्ये लिहा, चालेल. पाठवलेले मेल कुठे ठेवायचे, डिलीट केलेले कुठे टाकायचे, त्या फोल्डरला काय म्हणायचं, यावर नियम नव्हता. मग काय, एका प्रोग्रामने ठरवलं सेंट, दुसऱ्याने सेंट आयटम्स, तिसऱ्याने सेंट मेसेजेस. आपल्या नावाचा फोल्डर सर्व्हरवर सापडला नाही की प्रत्येकजण न विचारता नवीन करून मोकळा.

म्हणजे ती यादी हा बिघाड नव्हताच. मी आजवर जे जे फोन, जे जे लॅपटॉप, जे जे प्रोग्राम वापरले त्यातला प्रत्येकजण भाडेकरूसारखा येऊन भिंतीत आपापला खिळा ठोकून गेला होता. नोट्स नावाचा फोल्डर तर मी कधीच विकून टाकलेल्या एका फोनने केलेला निघाला. आत एकच नोट होती, आणि त्यात फक्त 'चार्जर' असं लिहिलेलं.

या सगळ्यावर तोडगा निघाला तो २०११ मध्ये. आरएफसी ६१५४ नावाचं एक कागदपत्र आलं (इंटरनेटचे नियम असल्या कागदपत्रांतून ठरतात), त्यात असं ठरलं की सर्व्हरने प्रत्येक खास फोल्डरवर एक खूण लावावी, हा सेंट, हा ट्रॅश, हा जंक, हा ड्राफ्ट्स, हा आर्काइव्ह, मग नाव काहीही असो. प्रोग्रामने नाव न बघता खूण बघायची. पंचवीस वर्षं लागली एवढं ठरवायला! आणि ठरलं तरी सगळ्या सर्व्हरांनी ऐकायला हवं, सगळ्या प्रोग्रामांनी बघायला हवं, आणि आधी ठोकलेले खिळे तर कुणी येऊन काढणार नाहीच.

तेव्हा उपाय डिलीट हा नाहीच मुळी, उपाय हा की प्रत्येक मशीनवर जाऊन त्याला बजावायचं, बाबा रे, पाठवलेले मेल इथे ठेव. अकाउंट सेटिंग्जमध्ये खोल कुठेतरी हे असतं, कॉपीज अँड फोल्डर्स किंवा मेलबॉक्स बिहेव्हियर असल्या नावाखाली, एवढ्या निरुपद्रवी नावाखाली की तिथे कोणी सहज म्हणून जाणार नाही. डेस्कटॉपवर केलं, लॅपटॉपवर केलं, फोनवर केलं. फोनवर ते अॅडव्हान्स्डच्या आत अॅडव्हान्स्ड असं होतं. आधी नेमणूक बदलायची आणि मग डिलीट करायचं, हा क्रम. मग तो राखाडी डिलीट एकदम काळाभोर झाला आणि फोल्डर गेले ते गेलेच, परत आले नाहीत. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, "हां, ते मॅपिंग. मी तेच म्हणत होतो." अजिबात म्हणत नव्हता.

एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण साफसफाईची चटक वाईट. 'बिलं'चा शोध सुरू केला. यादीत एक चमत्कारिक फोल्डर होता, अँपरसँडने (&) सुरू होणारा, मग सी, एस, डब्ल्यू, जे, पी अशी काहीतरी अक्षरांची माळ, शेवटी एक डॅश. मी त्याला व्हायरस समजून इतकी वर्षं हात लावला नव्हता. तोच निघाला 'बिलं'. आयमॅपला मुळात इंग्रजी अक्षरंच कळायची, म्हणून बाकी लिपीतली नावं तो यूटीएफ-७ नावाच्या सांकेतिक लिखाणाच्या एका सुधारित अवतारात गुंडाळून ठेवतो, अँपरसँड ते डॅशच्या मधे. नेहमीचे प्रोग्राम ते उलगडून आपल्याला नीट मराठीत दाखवतात. पण माझं अकाउंट मधे एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवलं होतं, तेव्हा हलवणाऱ्या टूलने ते गुंडाळलेलं नावच खरं नाव समजून जसंच्या तसं उचललं, आणि नवीन सर्व्हरने ते इमानदारीत दाखवलं. आयमॅपच्या २०२१ च्या नव्या आवृत्तीत सरळ यूटीएफ-८ चालतं, म्हणजे मराठी नाव असं गुंडाळावं लागत नाही, पण ते माझ्या 'बिलं'ला जरा उशिराच झालं. राइट क्लिक, रिनेम, झालं. एवढंच होतं.

उत्साहात मग बिलांचे वर्षवार फोल्डर करायला घेतले. नाव दिलं '२०२३.२४'. एंटर मारला, आणि यादीत '२०२३' नावाचा फोल्डर आला आणि त्याच्या पोटात '२४'. माझ्या सर्व्हरवर टिंब म्हणजे फोल्डरच्या आत फोल्डर. काही सर्व्हरवर हेच काम तिरकी रेघ करते, तिथे टिंब बिनधास्त चालतं आणि '२०२३/२४' लिहिणारा फसतो. म्हणजे डॉक्टरांच्या रिपोर्टसाठी कुणी 'डॉ. रिपोर्ट' असा फोल्डर केला तर काय होत असेल, या विचाराने मी ते करून बघितलं. 'डॉ' आला. त्याच्या आत ' रिपोर्ट', पुढच्या स्पेससकट.

काही फोल्डर मात्र खरोखरच काढता येत नाहीत, त्यांच्यासाठी सबस्क्राइब नावाची सोय आहे. टिक काढली की फोल्डर यादीतून गायब, सर्व्हरवर आहे तिथे आहे, फक्त आपल्याला दिसत नाही. घरच्यांच्या मते मी ही सोय पहिल्याच दिवशी वापरायला हवी होती. जीमेलवाल्यांना असंच एक बटण त्यांच्या लेबलांच्या सेटिंगमध्ये असतं, 'शो इन आयमॅप'. जीमेल २००४ मध्ये आलं ते मुळी फोल्डर न ठेवता लेबलं घेऊन, आणि डेस्कटॉपवर ती लेबलं फोल्डरचा वेष घालून येतात, म्हणून एकाच मेलला तीन लेबलं असली की तो तीन फोल्डरांत दिसतो, वर 'ऑल मेल'मध्ये परत एकदा. त्या दुनियेतल्या लोकांना मी काही सांगायला जात नाही, त्यांचं दुःख वेगळं.

ऑफिसच्या अकाउंटमध्ये तर एक 'सिंक इश्यूज' नावाचा फोल्डर दडलेला सापडला. सिंक करताना जो गोंधळ झाला त्याचे रिपोर्ट मेलच्या रूपात त्यात येऊन पडतात. त्याच्या आत कॉन्फ्लिक्ट्स, लोकल फेल्युअर्स आणि सर्व्हर फेल्युअर्स असे आणखी तीन. नेहमीच्या व्ह्यूमध्ये तो दिसतही नाही. अडचणींची इतकी व्यवस्थित फाइल ठेवायची आणि ती कुणाला दाखवायची नाही, हे वाचून मला ऑफिसबद्दल बरंच काही कळलं. रिकामा केला तर चालतो, काढून टाकता येत नाही. मी बघितल्यासारखं केलं आणि बंद केला.

तर आता यादी आटोक्यात आहे. सेंट एक, ट्रॅश एक, जंक एक, आर्काइव्ह एकवचनी. क्लायंटला ते कोटेशन परत पाठवलं, आणि कॉपी कुठे पडते ते बघायला लगेच सेंट उघडला. पडली होती. दोन. तेच कोटेशन, तीच वेळ, एकाखाली एक. माझा सर्व्हर पाठवलेल्या मेलची कॉपी आपण होऊन सेंटमध्ये ठेवतो, आणि माझा प्रोग्रामही ठेवतो. आधी एकाची कॉपी सेंटमध्ये पडायची आणि दुसऱ्याची सेंट आयटम्समध्ये, म्हणून मला कधी कळलंच नाही. आता दोघे एकाच फोल्डरमध्ये काम करतात. सेटिंग्जमध्ये 'कॉपी ठेवा' नावाचा एक चौकोन आहे, त्याची टिक काढली की झालं. बायको म्हणते काढू नकोस, निदान आता शोधताना एक तरी सापडेल.